बारावी सांभाळून नीट: स्टेट बोर्डाच्या मुलांसाठी

मेडिकलचा प्रवेश नीटच्या गुणांवर होतो. बारावीचे टक्के गुणवत्ता यादीत धरले जात नाहीत. त्यामुळे 'बोर्डाचं काय, पास झालं की झालं' हे वाक्य क्लासच्या आवारात सर्रास ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे. एमबीबीएसच्या पात्रतेसाठी बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी (पीसीबी) मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के आणि आरक्षित प्रवर्गाला ४० टक्के लागतात. स्टेट बोर्डाच्या हिशेबात तीन विषयांच्या ३०० गुणांपैकी १५० किंवा १२०. शिवाय इंग्रजी पास हवं. नीटला उत्तम गुण आणि पीसीबीला १४६ अशी गाठ पडली, तर खुल्या प्रवर्गातल्या मुलाचे नीटचे गुण त्या वर्षापुरते वाया गेले.

दोन्ही परीक्षांचा विषय एकच आहे. ओढाताण होते ती दोन कारणांनी: धड्यांचा क्रम वेगळा आणि उत्तर देण्याची रीत वेगळी. या दोन गोष्टी अकरावीच्या सुरुवातीलाच लक्षात घेतल्या तर दुप्पट अभ्यास करावा लागत नाही. वेळापत्रक एकच राहतं, फक्त त्यात लिहिण्याचे तास आणि बहुपर्यायी प्रश्नांचे, म्हणजे एमसीक्यूचे, तास वेगळे पडतात.

क्रमाचा घोळ

नीटचा पेपर एनसीईआरटीच्या (सीबीएसईला असतात त्या) पुस्तकांना धरून निघतो आणि बहुतेक क्लास त्याच क्रमाने शिकवतात. कॉलेज बालभारतीच्या पुस्तकाने जातं. रोटेशनल डायनॅमिक्स, फ्लुइड्स, कायनेटिक थिअरी, थर्मोडायनॅमिक्स, ऑसिलेशन्स हे सगळं एनसीईआरटीत अकरावीला आहे. आपल्याकडे ते बारावीच्या फिजिक्सचे पहिले पाच धडे आहेत. रे ऑप्टिक्सचं उलटं. तो एनसीईआरटीत बारावीला, आपल्याकडे अकरावीला. केमिस्ट्रीत केमिकल थर्मोडायनॅमिक्स आणि आयनिक इक्विलिब्रिया आपल्या बारावीत, एनसीईआरटीच्या अकरावीत. बायोलॉजीत श्वसन-रक्ताभिसरण, मज्जासंस्था आणि हार्मोन्स, वनस्पतींची वाढ यांची तीच गत.

परिणाम असा की अकरावीच्या ऑगस्टमध्ये क्लासला रोटेशन चालू असतं आणि कॉलेजच्या युनिट टेस्टला ऑप्टिक्स. मुलं मग कॉलेजचं सोडून देतात आणि तिथेच पाय घसरतो, कारण सोडलेला ऑप्टिक्स क्लासमध्ये थेट बारावीला येतो, तोही घाईत.

यावर उपाय साधा आहे. अकरावीच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही पुस्तकांच्या अनुक्रमणिका समोर ठेवून एक कागद करायचा. डावीकडे एनसीईआरटीचा धडा, उजवीकडे बालभारतीतला तोच भाग आणि इयत्ता. धडा क्लासला आधी आला तर पूर्ण ताकदीने तिथे करायचा आणि कॉलेजमध्ये येईल तेव्हा ती दुसरी उजळणी समजायची. कॉलेजला आधी आला तर तिथे किमान मूळ कल्पना आणि सूत्रं पक्की करायची. एकच धडा सहा-आठ महिन्यांच्या अंतराने दोनदा शिकायला मिळणं हा खरं तर फायदा आहे, पण कागद नसेल तर तो फायदा जाणवत नाही, नुसता गोंधळ जाणवतो.

त्याच कागदावर तिसरा रकाना हवा: हा भाग नक्की कुठल्या परीक्षेला लागतो? २०२४ च्या नीटपासून अभ्यासक्रम कमी झाला, तेव्हापासून तीन गठ्ठे पडतात. बहुतांश भाग सामाईक आहे. फक्त बोर्डाचा गठ्ठा छोटा आहे: केमिस्ट्रीत सॉलिड स्टेट, पॉलिमर, ग्रीन केमिस्ट्री, बायोलॉजीत प्लांट वॉटर रिलेशन. हे धडे नीटला नाहीत, पण बोर्डाला हक्काचे गुण देतात आणि सोपे आहेत. ते दिवाळीनंतर वाचले तरी चालतं. फार्मसी-कृषीच्या प्रवेशाची सीईटी देणार असाल तर मात्र ते टाळता येत नाहीत, कारण एमएचटी-सीईटी राज्याच्या अभ्यासक्रमावर होते.

तिसरा गठ्ठा सगळ्यात फसवा. नीटच्या अधिकृत अभ्यासक्रमात आहे, पण एनसीईआरटीच्या नव्या, काटछाट केलेल्या पुस्तकात नाही, असा. पी-ब्लॉकचे गट १५ ते १८ बारावीच्या नव्या एनसीईआरटीतून गेले. नीटच्या यादीत गट १३ ते १८ आहेत. अ‍ॅनिमल टिश्यू नव्या पुस्तकात नाही, नीटला आहे. वनस्पतींच्या कुळांत नव्या पुस्तकात सोलॅनेसी उरलं आहे. नीटच्या यादीत माल्व्हेसी, क्रुसिफेरी, लेग्युमिनोसी, कंपोझिटी आणि ग्रॅमिनी आहेत. इथे स्टेट बोर्डाची मुलं नशीबवान. बालभारतीच्या अकरावीच्या केमिस्ट्रीत गट १३ ते १५, बारावीत १६ ते १८ आणि अकरावीच्या बायोलॉजीत अ‍ॅनिमल टिश्यूचा स्वतंत्र धडा आहे. 'फक्त एनसीईआरटी वाचा' हा सल्ला डोळे झाकून पाळणाऱ्याने निदान या ठिकाणी बालभारतीचं पुस्तक उघडावं. उरलेली कुळं जुन्या आवृत्तीतून किंवा क्लासच्या नोट्समधून भरून काढायची.

गणित सोडलेल्यांसाठी

पीसीबी घेऊन गणित सोडलेल्या मुलांचा फिजिक्स अकरावीच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात अडतो. बहुतेक वेळा अडचण संकल्पनेची नसते, व्हेक्टर आणि डेरिव्हेटिव्हची असते. बालभारतीच्या अकरावी फिजिक्सचा दुसरा धडा, मॅथेमॅटिकल मेथड्स, नेमका यासाठीच आहे. तो 'परीक्षेला कमी गुणांचा' म्हणून उडवला जातो. व्हेक्टरची बेरीज आणि दोन्ही गुणाकार, साधं डिफरन्शिएशन-इंटिग्रेशन, लहान कोनासाठी साइन थीटा बरोबर थीटा, बायनॉमियलचं ढोबळ रूप एवढं पहिल्या दोन-तीन आठवड्यांत हाताखालून गेलं पाहिजे.

दुसरी अडचण लॉग टेबलची. बोर्डाच्या फिजिक्सच्या पेपरला लॉग टेबल चालतं, कॅल्क्युलेटर चालत नाही. नीटला दोन्ही नाही, आणि कच्चं काम पुस्तिकेतल्या मोकळ्या जागेतच करायचं. बोर्डाच्या सवयीने मूल दोन अंकी गुणाकारालासुद्धा लॉग टेबल उघडतं. अकरावीपासून रोजची न्यूमरिकल्स हाताने करायची आणि लॉग टेबल फक्त प्रिलिमच्या आसपास काढायचं. पाठ हवेत ते आकडे थोडेच आहेत: लॉग २ म्हणजे ०.३०१, लॉग ३ म्हणजे ०.४७७, लॉग ५ म्हणजे ०.६९९, लॉग ७ म्हणजे ०.८४५; पायचा वर्ग जवळजवळ १०. एवढ्यावर ०.०२ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा पीएच तोंडी येतो, २ वजा ०.३ म्हणजे १.७. फर्स्ट ऑर्डर रिअ‍ॅक्शनमध्ये ७५ टक्के पूर्ण व्हायला दोन हाफ-लाइफ आणि ९९.९ टक्के व्हायला जवळजवळ दहा, हे माहीत असलं की सूत्र मांडायचीही गरज पडत नाही.

एकच प्रश्न, दोन उत्तरं

समजा झिंक-कॉपरचा सेल दिला आहे. झिंक आयनचं प्रमाण ०.१ मोलर, कॉपर आयनचं ०.०१ मोलर, स्टँडर्ड पोटेन्शियल १.१० व्होल्ट. सेल पोटेन्शियल काढा.

बोर्डाला हा तीन गुणांना आला तर दोन्ही इलेक्ट्रोडवरच्या अर्ध-अभिक्रिया, मग पूर्ण अभिक्रिया, नर्न्स्टचं समीकरण अक्षरांत, मग किमती घालून, मग उत्तर एककासह: १.०७०४ व्होल्ट. गुण पायऱ्यांना आहेत. शेवटचा आकडा चुकला तरी वरच्या पायऱ्यांचे गुण मिळतात, आणि नुसता बरोबर आकडा लिहिला तर ते जातात.

नीटला हाच प्रश्न अर्ध्या मिनिटाचा आहे. झिंकचं प्रमाण भागिले कॉपरचं, म्हणजे १०. त्याचा लॉग १. दोन इलेक्ट्रॉन, म्हणून ०.०५९ चा अर्धा, ०.०३. उत्तर १.०७. पर्यायांत १.१३ आणि १.०४ हेही असतील असं धरून चाला. गुणोत्तर उलटं घेतलं की १.१३ येतं आणि दोनने भागायचं विसरलं की १.०४. चुकीचे पर्याय असे नेहमीच्या चुकांवरच बेतलेले असतात, म्हणून 'माझं उत्तर पर्यायात आहे' याचा अर्थ ते बरोबर आहे असा होत नाही.

फिजिक्समध्ये हा फरक आणखी ठळक दिसतो. केशिकेत पाणी किती चढतं याचं सूत्र सिद्ध करा, असं बोर्ड विचारतं: आकृती, बलांचा समतोल, सूत्र. २०२० च्या नीटमध्ये त्याच धड्यावर विचारलं होतं की एका केशिकेत ५ ग्रॅम पाणी चढतं, तर दुप्पट त्रिज्येच्या केशिकेत किती चढेल? उंची निम्मी होते म्हणून २.५ ग्रॅमला खूण करायचा मोह होतो. पण वस्तुमान म्हणजे छेदाचं क्षेत्रफळ गुणिले उंची. क्षेत्रफळ चौपट, उंची निम्मी, उत्तर १० ग्रॅम. ज्याने ते डेरिव्हेशन बलांच्या समतोलापासून स्वतः लिहून काढलं आहे त्याला हे लगेच दिसतं. म्हणून डेरिव्हेशन 'फक्त बोर्डाचं' समजून सोडणं हे माझ्या मते नीटच्या फिजिक्सचंच नुकसान आहे. सूत्रं पाठ असलेली पोरं सरळ प्रश्न सोडवतात. प्रश्न जरा वाकडा आला की थांबतात. २०२५ चा फिजिक्सचा भाग लांबलचक आणि कठीण निघाला, तेव्हा हे बऱ्याच जणांना जाणवलं.

डेरिव्हेशनची वही वेगळी ठेवा. धडा संपला की त्यातली डेरिव्हेशन्स एकदा बघून, एकदा न बघता लिहायची. एका रविवारी तासाभरात होतं. जानेवारीत पन्नास डेरिव्हेशन्स एकदम पाठ करायला बसलं की नीटचे तीन आठवडे त्यातच जातात.

रोजचं काम

कॉलेज आणि क्लास मिळून दिवसाचे आठ-नऊ तास जातात. स्वतःच्या अभ्यासाला चार-पाच तास उरले तर पुष्कळ झालं, आणि तेवढे पुरतात. कॉलेजला न जाता तिथे नुसतं नाव घालून अभ्यास करायचा मार्ग अनेक जण निवडतात, पण बोर्डाला ७५ टक्के हजेरी लागते हे विसरू नका.

त्या दिवशी जे शिकवलं ते त्याच संध्याकाळी. बायोलॉजी असेल तर एनसीईआरटीची तेवढी पानं एकदा सावकाश वाचायची, पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं, मग परत उघडून काय सुटलं ते लाल पेनाने भरायचं. हे मधलं मिटून लिहिणं फार जण करत नाहीत. पाचव्यांदा वाचताना ओळ ओळखीची वाटते आणि आपल्याला येतं असा भास होतो. टायडल व्हॉल्यूम ५०० मिलिलिटर हे वाचताना सगळ्यांनाच माहीत असतं. इन्स्पिरेटरी रिझर्व्ह २५०० ते ३०००, एक्स्पिरेटरी १००० ते ११००, रेसिड्युअल ११०० ते १२०० हे चार आकडे जोड्या लावा प्रश्नात शेजारीशेजारी आले की हात थबकतो. बालभारती आणि एनसीईआरटीच्या आकड्यांत कुठे फरक दिसला तर नीटसाठी एनसीईआरटीचा धरा आणि बालभारतीच्या समासात पेन्सिलने तशी नोंद करा.

वाचनानंतर त्याच धड्याचे ४०-५० एमसीक्यू, घड्याळ लावून. फिजिक्सला ३० पुरेत, पण प्रत्येक चुकलेला प्रश्न दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा, उत्तर न बघता. चुकांची वही ठेवताना नुसतं बरोबर उत्तर लिहू नका, चूक कुठली ते लिहा: माहीतच नव्हतं, माहीत होतं पण आठवलं नाही, प्रश्न नीट वाचला नाही (यात 'अयोग्य विधान कोणतं' वाले सगळ्यात जास्त), की आकडेमोड चुकली. दोन महिन्यांनी ती वही बघितली की कळतं, वेळ कुठे घालवायचा. ज्याच्या निम्म्या चुका प्रश्न चुकीचा वाचण्याच्या आहेत त्याने आणखी एक गाईड घेऊन काही साधणार नाही.

पुस्तकं कमी ठेवा. एनसीईआरटी, बालभारती, प्रत्येक विषयाचा एक एमसीक्यू संच, मागच्या दहा-बारा वर्षांचे पेपर आणि एकच टेस्ट सिरीज. मोबाइलवरच्या तीन-तीन मोफत टेस्ट सिरीज डाउनलोड करून एकही पूर्ण न करणारे प्रत्येक बॅचमध्ये असतात.

अकरावी हलक्यात घेतली जाते, कारण तिची परीक्षा कॉलेजच घेतं. नीटमध्ये मात्र जवळजवळ निम्मा पेपर अकरावीच्या भागावर असतो. अकरावी संपल्यावर एप्रिल-मेच्या सुट्टीत तिचा संपूर्ण अभ्यासक्रम एकदा टेस्टसह फिरवून घेतला नाही, तर पुढे तेवढा सलग वेळ थेट बोर्ड संपल्यावरच मिळतो.

जर्नल आणि प्रयोगशाळा

बोर्डाला प्रत्येक सायन्स विषयात ७० गुण लेखी आणि ३० प्रात्यक्षिकाचे. तीन विषयांचे मिळून ९०. जर्नल वेळच्या वेळी तपासून सही झालेलं नसलं तर प्रॅक्टिकलला बसताना अडचण येते. जानेवारीत रात्र रात्र जागून दुसऱ्याचं जर्नल उतरवणं हा बारावीचा जुना कार्यक्रम आहे आणि त्यात नेमके प्रिलिमनंतरचे मोलाचे दिवस जातात.

नीटच्या अभ्यासक्रमात आता फिजिक्स आणि केमिस्ट्री दोन्हींत प्रयोगांचं स्वतंत्र प्रकरण आहे: व्हर्नियर, स्क्रू गेज, रेझोनन्स ट्यूब, मीटर ब्रिज, झेनर डायोड, आयनांची तपासणी, टायट्रेशन. म्हणजे जर्नलचं काम नीटचंच काम आहे, जर ते समजून केलं तर. पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन घ्या. ऑक्झॅलिक आम्लासोबत करताना फ्लास्क ६० ते ७० अंशांपर्यंत गरम करावा लागतो, कारण थंड असताना अभिक्रिया फार मंद चालते. मोर्स सॉल्टसोबत (फेरस अमोनियम सल्फेट) करताना गरम करायचं नाही, कारण हवेतल्या ऑक्सिजनने फेरस आयन फेरिक होतात. आम्ल विरल सल्फ्युरिकच. हायड्रोक्लोरिक घातलं तर परमँगनेट क्लोराइडचंच ऑक्सिडेशन करत बसतं, आणि नायट्रिक स्वतःच ऑक्सिडायझिंग आहे. वेगळा इंडिकेटर लागत नाही, कायम टिकणारी फिकट गुलाबी छटा हाच शेवट. ब्युरेटमधलं द्रावण गडद असल्यामुळे रीडिंग वरच्या कडेचं घ्यायचं. एका टायट्रेशनमधून पाच एमसीक्यू निघतात, आणि एक्स्टर्नल तोंडी परीक्षेत विचारतात तेही हेच.

दिवाळी ते बोर्ड

बारावीचा अभ्यासक्रम नोव्हेंबरअखेर संपावा असं बघा. दिवाळीपर्यंत एमसीक्यू आणि संकल्पनांचं पारडं जड. दिवाळीनंतर आठवड्यातून एकदा तीन तास बसून बोर्डाचा पूर्ण पेपर लिहायचा. बोर्डाचा साचा ठरलेला आहे: १० गुणांचे एमसीक्यू, ८ गुणांचे एका वाक्याचे प्रश्न, मग दोन गुणांचे बारापैकी आठ, तीन गुणांचे बारापैकी आठ, चार गुणांचे पाचपैकी तीन. नीटवाली मुलं इथे दोन ठिकाणी गुण घालवतात. एक, एमसीक्यूला नुसतं अ, ब, क लिहितात. बोर्डाला अक्षरासोबत पूर्ण उत्तरही लिहावं लागतं आणि पहिलंच उत्तर तपासलं जातं. दुसरं, वर्षभर हाताने लांब लिहिलेलं नसतं, त्यामुळे दीड तासानंतर अक्षर आणि वेग दोन्ही ढेपाळतात. बायोलॉजीत नावं दिलेली नीटनेटकी आकृती हवी, पेन्सिलनेच.

फेब्रुवारीत एक वेगळीच गर्दी होते. २०२५ मध्ये बोर्डाची लेखी परीक्षा ११ फेब्रुवारीला सुरू झाली आणि नीटचा फॉर्म भरायची मुदत होती ७ फेब्रुवारी ते ७ मार्च. म्हणजे ऐन परीक्षेत फॉर्म. पांढऱ्या पार्श्वभूमीचे पासपोर्ट आणि पोस्टकार्ड आकाराचे फोटो, बोटांचे ठसे, सही यांच्या फाइल्स जानेवारीतच तयार ठेवा, आणि आधार, दहावीची मार्कशीट यांवरची नावं जुळतात का ते त्याआधी बघा. आधारवर वडिलांचं नाव मध्ये आहे आणि मार्कशीटवर आडनाव आधी, असले फरक सुधारायला आठवडे जातात. फोटोच्या सात-आठ प्रती एकदमच काढा. परीक्षेला आणि पुढे प्रवेशालाही तोच फोटो लागतो. पेपरची भाषाही फॉर्ममध्येच निवडायची असते. मराठी निवडली तर पुस्तिकेत मराठी आणि इंग्रजी दोन्ही असतात, पण दोन्हींच्या अर्थामध्ये फरक आढळला तर इंग्रजी ग्राह्य. अकरावी-बारावी सगळी इंग्रजी पुस्तकांतून केली असेल तर इंग्रजी पेपरच घ्यावा, असं माझं मत.

बोर्डाच्या महिन्यात नीट पूर्ण बंद ठेवू नका. रोज एक तास, बायोलॉजीचे ४५ प्रश्न आणि फिजिक्सचे दहा. एवढ्याने धार टिकते.

शेवटचे सात आठवडे

बोर्ड संपल्यापासून मेच्या पहिल्या रविवारच्या आसपासपर्यंत सहा-सात आठवडे मिळतात. यात नवीन काहीही हाती घ्यायचं नाही. पहिले तीन आठवडे अकरावीवर जोर, कारण तीच विसरलेली असते. नंतर एक दिवस पूर्ण पेपर, दुसरा दिवस त्याचं विश्लेषण. पेपर दुपारी २ ते ५ याच वेळेत द्यायचा. जेवणानंतरची सुस्ती हा या परीक्षेचा न छापलेला भाग आहे. मधे एप्रिलमध्ये सीईटी येते. तिला निगेटिव्ह मार्किंग नाही, फार्मसी-कृषीचा रस्ता उघडा राहतो आणि हॉलमध्ये बसायचा सरावही होतो. तिच्यासाठी वेगळे दोन-तीन दिवस पुरेत.

२०२५ पासून पेपर १८० प्रश्न, १८० मिनिटं, ७२० गुण. पर्यायी प्रश्न गेले. बायोलॉजीचे ९० प्रश्न ४५ मिनिटांत, केमिस्ट्री ५० मिनिटांत, फिजिक्सला ६५ आणि शेवटी २० मिनिटं राखीव, ही विभागणी बहुतेकांना बसते. ओएमआर, म्हणजे गोळे भरायचा उत्तरांचा कागद, शेवटी एकदम भरायचा नाही. एका गोळ्याला चार सेकंद धरले तरी १८० गोळ्यांना १२ मिनिटं लागतात, आणि एक ओळ सरकली की पुढचं सगळं सरकतं. पुस्तिकेचं पान संपलं की त्या पानाचे गोळे. बॉलपेनने भरलेला गोळा खोडता येत नाही.

तुक्क्याबद्दल दोन टोकाचे सल्ले मिळतात, दोन्ही हिशेब न करता दिलेले. बरोबरला ४, चुकीला वजा १. चार पर्यायांत आंधळा तुक्का मारला तर सरासरी पाव गुण मिळतो, म्हणजे २० प्रश्नांवर ५. पण नशीब खराब निघून दोनच बरोबर आले तर ८ वजा १८, वजा १०. दोन पर्याय खात्रीने बाद करता आले तर हेच २० प्रश्न सरासरी ३० गुण देतात. म्हणजे पर्याय बाद करता येत असतील तर सोडू नका. प्रश्नच कळला नसेल तर हात आवरा.

परीक्षेच्या दिवशी गेट दीड वाजता बंद होतं. केंद्र दुसऱ्या गावात असेल तर आदल्या दिवशी जाऊन बघून या. अर्ध्या बाह्यांचे कपडे, चप्पल, प्रवेशपत्र, फोटो, मूळ ओळखपत्र, पारदर्शक बाटली. पेन तिथे मिळतं.

कागदपत्रं

हे काम पालकांचं, आणि ते बारावीच्या सुरुवातीला करायचं, निकालानंतर नाही. राज्याच्या ८५ टक्के कोट्यासाठी अधिवासासोबतच साधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते. क्लाससाठी राजस्थानातल्या कोटा शहरात राहून तिथल्याच शाळेतून बारावी केली तर हा हक्क जाऊ शकतो, आणि मग उरतो तो देशपातळीवरचा १५ टक्के कोटा. आरक्षणासाठी जात प्रमाणपत्र पुरत नाही, जात वैधता लागते. तिचा अर्ज कॉलेजच्या शिफारसपत्रासह जिल्ह्याच्या पडताळणी समितीकडे जातो आणि वडिलांकडच्या नात्यातले जुने शाळेचे दाखले शोधायलाच महिने लागतात. नॉन-क्रिमीलेअर चालू वर्षाला लागू असलेलं हवं. राज्याच्या प्रवेशाला राज्याच्या नमुन्यातलं चालतं, १५ टक्के कोट्याला केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी प्रमाणपत्र वेगळं काढावं लागतं, आणि ते तहसीलमधून एकाच खेपेत दोन्ही मागून घेतलं तर जूनमधल्या रांगा वाचतात.